बिब्ब्याचे तेल आणि माझा शांत स्वभाव

१ जानेवारी २०२५, सकाळी

संकल्प दोन. एक, यंदा कोणावरही हात उचलायचा नाही. दोन, हेमालीच्या केसांसाठी घरीच नैसर्गिक तेल करायचे.

पहिल्या संकल्पाची खरे तर गरज नाही. मी मुळात शांत माणूस आहे. पण दिवाळीत पार्किंगवरून जे झाले (आरसा गाडीचा फुटला, माणसाचे काही फुटले नाही) त्यानंतर हेमालीने बजावून ठेवले आहे. भावेशच्या लग्नात तुमचा कोणावर हात उठला ना, तर मी घोडबंदरला आईकडेच राहीन, परत यायची नाही, म्हणाली. भावेश तिचा धाकटा भाऊ. लग्न फेब्रुवारीअखेर. नवऱ्याची बहीण म्हणजे करवली, तेव्हा थोडी अतिशयोक्ती तिला माफ.

दुसरा संकल्प मात्र निकडीचा. स्ट्रेटनिंग आणि कलरने हेमालीचे केस काथ्यासारखे झालेत. हळदीला तिला ते मोकळे सोडायचे आहेत. त्यासाठी भाईंदर वेस्टच्या एका पार्लरमध्ये तिने पॅकेज बुक केले होते. मी फोन करून कॅन्सल केले. पार्लरवालीने कारण विचारले. सांगितले, केसांवर केमिकल घालणे ही हिंसा आहे. तिने फोन ठेवला. पटले असावे.

हेमालीला अजून सांगितलेले नाही. सरप्राइज.

५ जानेवारी, रविवार

पहिले तेल तयार. खोबरेल, कढीपत्ता, मेथी, मंद आच. बीएस्सीची केमिस्ट्री इतक्या वर्षांनी कामाला आली.

पार्लरचे हेमालीला कळले. अर्धा तास बोलली. मी शांतपणे ऐकले. फक्त एकदा टेबलावर मूठ आपटली, तीही मुद्दा स्पष्ट करण्यासाठी. मग ती डोके पुढे करून बसली.

मालिश जोर लावूनच करायला हवी, नाहीतर रक्ताभिसरण होत नाही. हेमाली आई गं म्हणाली. म्हटले, मुळे उघडतायत. हळू हो, म्हणाली. म्हटले, हळू केले तर पार्लरवाली काय वाईट होती? कंगव्यात पुष्कळ केस आले. मेलेले केस निघून जातायत, लक्षण चांगले आहे.

आई दारात उभी राहून बघत होती. यतीन, केस हायत ते, वालाच्या शेंगा न्हाय सोलाला, म्हणाली. आईचे शिक्षण चौथीपर्यंत.

१२ जानेवारी

जास्वंद हवी. सोसायटीच्या बागेत दोन झाडे आहेत. सकाळी सगळी फुले तोडून पिशवीत भरली, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचा निकेत आला. यतीनभाई, ये भगवान के फूल हैं, आपके तेल के नहीं, म्हणाला. मी म्हटले, झाड सोसायटीचं आहे, मेंटेनन्स भगवान भरत नाही. त्याने पिशवी ओढली. मीही ओढली. तो म्हणाला, छोडो. मी सोडली. तो पाठीमागच्या कुंडीत जाऊन बसला. कुंडी फुटली. कमरेचा एक्स-रे काढायला लागला म्हणे.

रात्रीपर्यंत स्वतःला प्रश्न विचारत होतो की मी त्याला ढकलले का. नाही. तो म्हणाला सोडा, मी सोडले. सोडण्याला आजवर कोणी हिंसा म्हटलेले नाही, त्याग म्हणतात. संकल्प शाबूत.

१९ जानेवारी

मिक्सरने जास्वंद, माका आणि कांदा एकत्र वाटायला नकार दिला. घुरघुर करून बंद. समजुतीने दोनदा चालू केला. मग लाटण्याने. भांड्याचे तुकडे डाळीच्या डब्यापर्यंत गेले. यंत्रे संकल्पात येत नाहीत, ‘कोणावरही’ असे लिहिले आहे, ‘कशावरही’ नाही.

उरलेला लगदा हाताने पिळून तेलात उकळला. वास विचित्र आहे, पण प्रामाणिक आहे. हेमाली म्हणाली, आज नको, डोकं ठणकतंय. म्हटले, ठणकण्यावरच तर उपाय आहे. डोक्याखाली पाट दिला म्हणजे जोर नीट मिळतो, हे नव्याने लक्षात आले.

२६ जानेवारी, सुट्टी

केस गळायचे थांबत नाहीत. माझी पद्धत तपासून पाहिली, तिच्यात दोष नाही. म्हणजे मूळ तेलातच भेसळ.

फ्रीजची टेस्ट केली. शुद्ध खोबरेल फ्रीजमध्ये गोठते. सकाळपर्यंत पातळच. बाटली घेऊन तडक आत्मारामच्या घाण्यावर. आत्माराम लाकडी घाण्याचे तेल विकतो, तोंडाने फटकळ. दुकानात गिऱ्हाईक होते, त्यांच्यासमोरच भेसळ जाहीर केली. तो म्हणाला, साहेब, आधी फ्रीज चालू हाय का बघा, मग माझा घाणा बघा. गिऱ्हाईक हसले.

इथे नोंद काटेकोर केली पाहिजे. मी कॉलर पकडली नाही. मी हात पुढे केला आणि कॉलर हातात आली. ती ओढल्यामुळे पेंडीचे पोते कलले, त्यावरची मापे घरंगळली, त्यातले एक त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडले. मापाला माझा स्पर्शही नव्हता.

घरी येऊन पाहिले. काल मिक्सर दुरुस्त करताना फ्रीजचा प्लग मीच काढला होता. हे लपवत नाही. पण आज चालू असता तरी गोठले नसते असे मला आतून वाटते, आणि आतला आवाज सहसा चुकत नाही.

२ फेब्रुवारी

हेमालीच्या भांगाजवळ एक जागा मोकळी झाली आहे. साधारण रुपयाएवढी. तिने दोन आरसे धरून मला दाखवली. केस कोरडे होते, पण होते, म्हणाली. एवढेच. भांडली नाही. मी समजावले की शेतीतही आधी नांगरतात. ती उठून बॅग भरायला लागली.

भावेशच्या लग्नाच्या तयारीला लवकर जातेय. करवलीला कामे असतात. लोकरीचे स्वेटर, रेनकोट, पावसाळी चपला, सगळे नेले. लग्न फेब्रुवारीतच आहे, पण नियोजनात हेमाली पक्की. रिक्षात बसताना म्हणाली, लक्षात आहे ना, हात. म्हटले, आहे.

दारात आई उभी होती. रिक्षा वळल्यावर म्हणाली, तेल न्हाय रं वाईट, तुजा हात वाईट. आईचे वय झाले आहे.

११ फेब्रुवारी

सुचले! इतके दिवस बाजारातल्या वस्तूंमागे लागलो, आणि उत्तर घरातच होते.

आमचे आजोबा मिठागरात काम करायचे. खाऱ्या चिखलाने टाचा भेगाळायच्या. आजोबा बिब्बा दिव्यावर गरम करून त्याचे काळे तेल भेगांत भरायचे आणि दुसऱ्या दिवशी परत मिठात उभे. आता विचार करा. टाच कोरडी, फाटलेली. केस कोरडे, फाटलेले. रोग एकच.

आईला सांगितले. ती पोळी लाटायची थांबली. येडा झालास काय, म्हणाली, बिबा उततो. चामडी फुगतं, फोड येतान. टाच ती टाच, तिला कातडा जाड. डोक्याला कोन लावतं बिबा? म्हटले, आजोबांना आले होते का फोड? म्हणाली, तुजा आजा रडायचा रातीचा.

अनुभवाला विज्ञानाची जोड नसली की अशी भीती राहते.

१६ फेब्रुवारी

लोखंडी कढईत बिब्बे तापवले. फुटले. एखादा फटाक्यासारखा. उडालेल्या ठिणगीने खिडकीचा पडदा पेटला. आईची गोधडी ओढून आग मारली, मारली, मारली. आग विझल्यावरही थोडा वेळ मारत होतो, खात्री असावी म्हणून. आई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. म्हणाली, इजली रं, इजली, आता सोड. धुराने तिचे डोळे लाल झाले होते.

एक बाटली तेल हाती आले. दाट, काळे, गंभीर. हातमोजे घालूनच भरले, मी बेजबाबदार नाही. लावायचे कोणाला हा प्रश्न आहे. हेमाली फोनवर म्हणाली, बाटली घेऊन इकडे आलात तर खाडीत फेकीन. कोणाला ते नीट ऐकू आले नाही.

२५ फेब्रुवारी, हळद, घोडबंदर

परिणाम डोळ्यांनी दिसल्याशिवाय तिला पटणार नाही. आज संधी होती.

हळद लागण्याआधी नवऱ्याच्या डोक्याला तेल टेकवायची रीत आहे. पाच सवाष्णी आंब्याच्या पानाने एकेक थेंब लावतात. भावेश पाटावर बसला होता. त्याचे केसही जेलने वाळलेले, म्हणजे केस स्टडीला योग्य. मांडवामागे जाऊन वाटीतले तेल ओतले, माझे भरले.

बायकांनी पानाने थेंब थेंब लावला. थेंबाने काय होणार? एवढी मेहनत वाया जाताना बघवेना. पुढे झालो, सगळी वाटी त्याच्या डोक्यावर रिकामी केली आणि दोन्ही हातांनी मालिश सुरू केली. हातमोजे घरी राहिले होते. भावेश म्हणाला, दाजी, हळू! दाजी, मान! डीजे जोरात होता. पोरांना वाटले चेष्टा चाललीय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला स्फूर्ती आली.

हेमाली डोक्यावरून घट्ट पदर घेऊन बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते. भावाचे लग्न, येणारच.

हात कोणावर उठला? उठला नाही. ठेवला.

२६ फेब्रुवारी, लग्न

सकाळी भावेशचे कपाळ आणि कान सुजलेले. डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या. टाळूवर फोड. मुंडावळ्या बांधता येईनात. डॉक्टरने इंजेक्शन दिले. नवरदेव मांडवात आल्यावर नवरीच्या मावशीने दबक्या आवाजात विचारले, फोटोतला मुलगा हाच का? नवरी दिशा मात्र धीराची. मला चालतंय, उतरेल ना ते, म्हणाली. लग्न लागले. हे महत्त्वाचे.

मंगलाष्टकांनंतर भावेशचा मित्र पराग आणि चारपाच पोरे माझ्याकडे आली. दाजी, काय लावलंत हो भावेशला? मी बिब्ब्यातल्या रसायनांविषयी सांगू लागलो. परागने मध्येच थोबाडीत दिली. मी दुसरा गाल पुढे केला असता, पण त्याने विचारायच्या आत दुसऱ्यावरही दिली.

पुढचे काटेकोर लिहितो. शेजारी पाट होता. पाट उठला. हाताने त्याला फक्त आधार दिला. परागचा पुढचा दात, डीजेवाल्याचा एक स्पीकर आणि केटररचे गुलाबजामचे पातेले, असे झाले. नंतर पोरांनी मला मांडवाच्या खांबाला धरून जे केले ते उतारवयात लिहीन. बरगडी दुखतेय.

हेमाली ओरडली नाही. सांडलेले गुलाबजाम बायकांबरोबर गोळा करत राहिली. माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

२ मार्च

माझेही हात उतले. दोन्ही तळवे फोडांनी भरले, बँडेज आहे. पेन दोन बोटांत धरून लिहितोय. आई भात भरवते. चमचा लांबून देते.

आजचा जमाखर्च मांडला. दिवसभरात कोणावरही हात उठला नाही. संकल्प पूर्ण शाबूत. फोन मात्र नाकाने लावावा लागतो. हेमाली उचलत नाही. नाकाने बहुधा चुकीचा नंबर लागत असावा.

१६ मार्च, रविवार

बँडेज निघाले. हेमालीला आणायला गेलो.

तिने केस कानापर्यंत कापलेत. भांगाजवळच्या जागेवर लव आली आहे, काळी, मऊ. मला खरोखर आनंद झाला. कोणतं तेल, विचारले. काही नाही, म्हणाली. काहीच नाही? म्हणाली, आई कधी कधी मागे बसते, नुसता हात फिरवते. मग म्हणजे माझ्याच तेलाचा परिणाम उशिरा दिसतोय, असे मी म्हणालो. नैसर्गिक गोष्टींना वेळ लागतो.

भावेश ओसरीवर बॅट मांडीवर घेऊन बसला होता. त्याला क्रिकेट आवडते.

मी म्हणालो, दुखत होतं तर सांगायचं होतंस. हेमालीने माझ्या हातांकडे पाहिले. मग म्हणाली, रोज सांगितलं. तुम्ही बसा, चहा घ्या, आणि जा. मी येणार नाही.

चहा चांगला होता.

परत येताना बसमध्ये तिचे बोलणे निःपक्षपातीपणे तपासले. रोज सांगितले असेल तर मला ऐकू कसे आले नाही? घरात पंखा जुना आहे, खडखडतो. आणि मेथी थोडी जास्त झाली असेल, हे मी मान्य करायला तयार आहे. बिब्बाही. मालिशबद्दल मात्र शंका नाही.

घरी आलो तेव्हा आई खिडकीत केस विंचरत बसली होती. पांढरे, विरळ, अगदी कोरडे. वाईट वाटले. इतके दिवस बाहेरच्यांचे बघत राहिलो आणि घरातल्या माणसाकडे लक्षच नाही. म्हटले, आई, थांब, तेल लावून देतो.

न्हाय न्हाय, माजा डोका बरा हाय, म्हणाली, आणि फणी तिथेच टाकून आतल्या खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

हल्ली डास फार झालेत.