बशीशिवाय चार महिने

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घरी सगळं ठीक आहे. आईच्या गणिताच्या शिकवण्या जोरात आहेत, आणि तुझं टेबल अजून तुझ्या खिडकीखालीच आहे. ते आणून दे म्हणून तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी म्हणालो, काचांच्या खेपा आहेत, सवड नाही. शेवटी तू "राहू दे बाबा, नवीन घेते मी" म्हणून फोन ठेवलास. सवड होती गं. मी खोटं बोललो.

आपली म्हातारी पिकअप चार महिन्यांपासून साठच्या पुढे गेली की थरथरायची. हे आज सांगतोय. तेव्हा मला वाटायचं, थरथरतोय तो मी. काचा पोचवून घरी आलो की हातातला कप बशीवर किणकिण वाजायचा. म्हणून मी बशी घेणंच सोडलं. आईला सांगितलं, तुला तेवढंच एक भांडं कमी. ती म्हणाली, तीस वर्षांत पहिल्यांदाच सुचलं म्हणायचं!

तुझे आजोबा तुला आठवत नसतील. घड्याळं दुरुस्त करायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या हातातून चिमटा निसटायला लागला, आणि साठीला त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावून द्यायचो. मला यंदा अठ्ठावन्नावं लागलं. आता पिकअप मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही, ही माझी जुनी खोड तुला ठाऊकच आहे. त्यामुळे गाडी थरथरते की मी, हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि खरं तर मला ते विचारायचंच नव्हतं. मिस्त्री एक चक्कर मारून "गाडी ठणठणीत आहे हो" म्हणाला असता, तर पुढे काय? तुझं टेबल मागे बांधून एवढा लांबचा रस्ता धरायचा माझा धीर होईना.

पण सोमवारी एक आरसा वाटेतच तडकला. काचांचा दुकानदार म्हणाला, काका, आधी गाडी दाखवा, तोवर माल दुसऱ्याकडून पाठवतो. मग सुटका नव्हती. तुला लहानपणी बेअरिंगमधल्या गोळ्या खेळायला द्यायचा ना, त्याच मिस्त्रीकडे गेलो. त्याने किल्ली घेतली आणि मला शेजारी बसवलं. माझ्याच गाडीत मी पाहुणा! हात मांडीखाली दाबून बसलो आणि नजर मिस्त्रीच्या हातांवर ठेवली. साठ झाले. त्याचे हात थरथरले. मग गालही. "अहो काका, ही गाडी आहे की गिरणी? खाली पीठ पडत असेल!" मला इतकं हसू लोटलं, की त्याने घाबरून वेग कमी केला. उतरल्यावर तो बोटं झटकत होता. म्हणाला, मला एका चकरेत मुंग्या आल्या, तुम्ही चार महिने चालवलीत कशी? चार महिने मी फक्त माझ्या हातांकडे बघत होतो. सीट हादरत होती, पायाखालचा पत्रा हादरत होता, तिकडे लक्षच नाही.

मग त्याने तपास सुरू केला. वेगात असताना गाडी न्यूट्रल केली, थरथर तशीच. म्हणजे इंजिन नाही. मागून गाडी उचलून ठोकळ्यांवर टेकवली, मागची चाकं काढून गिअरमध्ये चालवली, तरी थरथर. म्हणजे चाकंही नाहीत. उरला इंजिनापासून मागे जाणारा लांब शाफ्ट. मिस्त्री बॅटरी घेऊन खाली सरपटला आणि तिथूनच ओरडला, "हा कुठल्या शहाण्याने जोडला?"

शहाणा मीच. चार महिन्यांपूर्वी अंगणात बसून त्याचा जॉइंट मीच बदलला होता. शाफ्टचे दोन तुकडे वेगळे करण्याआधी खूण करायची, म्हणजे परत त्याच दात्यांवर बसतात. खूण मी केली होती, खडूने. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे, मळका भाग परत लावायचा म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो. रॉकेलने दोन्ही तुकडे असे लख्ख धुतले, की खूणही गेली. मग अंदाजाने बसवलं, ते दोन दाते चुकलं. मिस्त्री म्हणाला, "पेशंटला आंघोळ घालताना नावाची चिठ्ठीसुद्धा धुतलीत की, काका!" तासाभरात त्याने नीट जोडून दिलं. येताना मी ऐंशीने आलो. गाडी नुसती गुणगुणत होती.

घरी येऊन चहाबरोबर बशी मागितली. आईने ती पुढे ठेवली आणि आत जाऊन नळ सोडून बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. आजोबांचं गणित तिनेही मांडलं होतं तर. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून या, म्हणते. दाखवीन.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण मी वसतिगृहात असताना आजोबांचं शेवटचं पत्र आलं होतं. त्यातल्या ओळी उतरत उतरत कागदाबाहेर गेल्या होत्या. चार महिने मी सहीपलीकडे काही लिहिलं नाही, ते त्या भीतीने. म्हणून आज मुद्दाम बिनरेघी कागद घेतला. ओळी बघ जरा. रविवारी सकाळी टेबल घेऊन येतो. नवीन घेतलं असशील तर दुकानदाराला परत कर. आणि आल्यावर पिकअपची किल्ली तुझ्या हातात देणार आहे. मी शेजारी बसेन.

तुझाच,
बाबा