तिसऱ्या तळ्याचा कोपरा

११ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी आणि वहिनीची तब्येत बरी असेल. आईचा गुडघा आता बरा आहे. कारखान्याच्या सांडपाण्याची तीनही तळी परवापर्यंत माझ्याच ताब्यात होती. पाण्यावर जलपर्णी सोडायची, तिच्या मुळांनी रंगाचं विष शोषलं की दाताळ्याने ओढून काढायची, नवी सोडायची. वेळेत काढली नाही तर ती कुजते आणि विष परत पाण्यात. एवढंच काम.

तिसऱ्या तळ्याबद्दल तुला लिहायचं होतं. तिथे जलपर्णी पंधरा दिवसांत करपायची. फक्त पंपाखालच्या कोपऱ्यात नाही. तिथे ती कमरेएवढी वाढायची, बाराही महिने जांभळी फुलायची. प्रयोगशाळेतल्या बाई नमुना घेऊन म्हणाल्या, "अगं, इथलंच पाणी एवढं स्वच्छ कसं?" मी म्हटलं, ऊन चांगलं लागत असेल. त्या कोपऱ्यावर दिवसभर पंपघराची सावली असते, दादा.

वारा नसतानाही तिथली पानं हलायची. मी काठाने चालले की माझ्यासोबत सरकायची. दाताळं टाकलं की खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं व्हायचं आणि मग एकदम सुटायचं. वेडं डोकं आहे माझं, असं म्हणून मी हसायचे.

मग मुळांत एक बटण आलं. हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. पांढरा दोरा संपला म्हणून आईने बाबांच्या सदऱ्याला तसं शिवलं होतं, आणि तू त्यांना चिडवलं होतंस.

पुढच्या आठवड्यात बाबांचा चष्मा आला, एकच काच उरलेला. त्या काळ्या गाळातून, पण पुसून ठेवल्यासारखा लख्ख.

आता लिहितेच. बाबा आपल्याला टाकून गेले नाहीत. सहा वर्षांपूर्वी त्या सकाळी मी त्यांचा डबा घेऊन गेले, तेव्हा त्यांचे बूट तिसऱ्या तळ्याच्या काठावर होते. तळ्यावरच्या फळीवर चढताना ते नेहमी बूट काढायचे. तेव्हा तिथे जलपर्णी नव्हती, नुसता दाट गाळ होता. फळी मोडलेली होती. मुकादम म्हणाला, "तुझा बाप पिशवी घेऊन फाटकातून गेला. आम्ही पाहिलं. बूट घरी ने आणि गप्प बस. सोमवारपासून तू कामावर ये."

मला कळलं होतं. अगदी तेव्हाच. बूट मी वाटेत कचराकुंडीत टाकले आणि सोमवारी कामावर गेले. तू त्यांना शिव्या देत घर सोडलंस, आईने त्यांचा फोटो उतरवला, आणि मी दोघांकडे बघत राहिले.

गेल्या गुरुवारी आपल्या घराची किल्ली आली. या वेळी खालून ओढ लागली नाही. मूळ अलगद वर आलं आणि किल्ली माझ्याच बाजूला लोंबत राहिली, कुणी हातात द्यावी तशी. मी तिथेच खाली बसले. मग उठून थेट पोलीस चौकीत गेले. बटण, चष्मा, किल्ली टेबलावर ठेवली आणि माझ्या गप्प बसण्यासकट सगळं सांगितलं.

शनिवारी तळं उपसलं. बाबा तिथेच होते. मुळांनी त्यांना सगळीकडून वेढलं होतं, गाळाचा कणही अंगावर राहू दिला नव्हता. मुकादमाला नेलं. काम गेलं माझं. मलाही जबाब द्यायला बोलावतात.

आईला मीच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ते टाकून गेलेच नव्हते." आणि नंतर, "तुला कधीपासून माहीत होतं?"

मी खरं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. पण रोज तुझं नाव घेते. अंत्यविधी तुझ्यासाठी थांबवला आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्याकडे बघूही नकोस. आईचा हात धरायला ये.

तुला सहा वर्षं खोटं सांगणारी,
तुझी धाकटी