हशा, अकरा सेकंद

१२ जानेवारी १९९८

मास्तरांची फाइल आली! कम्युनिस्ट राजवटीत चेक गुप्त पोलिसांनी त्यांच्यावर ठेवलेली. सगळ्या ब्रनोला हसवणारे ओतोमार क्रातिना — सत्तरीला आलेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी एकवीस वर्षं त्यांची प्रॉम्प्टर. म्हणाले, "द्राहुश्का, रंगमंचावर तूच सांगतेस, हेही तूच वाच. सत्त्याहत्तरात माझे सिनेमे कुणामुळे बंद झाले, एवढं कळू दे. मग डोळे गेले तरी चालतील."

१३ जानेवारी

रंगपटात वाचायला बसलो. तिसऱ्या पानावर त्यांच्या शेजारच्या घड्याळजीची चुगली. मास्तर म्हणाले, त्याला कधी फुकट पास दिला नाही, भोगा फळं.

एकोणिसाव्या पानावर माझं अक्षर.

मी थांबले. ते वाट बघत राहिले — वाक्य विसरल्यावर बघतात तशी, निवांत.

"पुढे?"

"पान कोरं आहे, मास्तर."

१४ जानेवारी

नियमच होता. नटानं पदरचं काही घातलं की प्रॉम्प्टरनं टिपायचं, सोमवारी संचालकांना द्यायचं. मी पंचविशीची, नुकतीच लागलेली. त्या नाटकात मास्तर खाटीक झाले होते. संहितेत होतं, "कलेजी संपली." ते म्हणाले, "कलेजी शिष्टमंडळाबरोबर मॉस्कोला गेलीय. परत येतील ती नुसती हाडं." मी शब्दन् शब्द लिहिला. पुढे — हशा, अकरा सेकंद. त्या आकड्याखाली लाल रेघ आहे. मग सात वर्षं त्यांना एकही सिनेमा नाही.

संचालक कागद पुढे पाठवतात हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं? आणि सेकंद मोजायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! त्यांच्या कौतुकापोटी मोजले — की माझं काम चोख दिसावं म्हणून?

१५ जानेवारी

धीर झाला नाही.

१६ जानेवारी

सांगितलं. कँटीनमध्ये, ते सॉसेजला मोहरी लावत होते तेव्हा. सगळं सांगितलं, कोरं पानसुद्धा. त्यांनी काटा खाली ठेवला.

"अकराच?"

"हो."

"मला वाटायचं, जास्त असेल."

मग शांतपणे जेवले, माझंही ताट उचलून ठेवलं. घरी येईपर्यंत इतकं हलकं वाटत होतं!

१७ जानेवारी

दुपारचा प्रयोग. मास्तर एक शब्दही पदरचा बोलले नाहीत. छापलंय तसं, स्वल्पविरामासकट. कुणी हसलं नाही. आणि दर वाक्यानंतर ते मी संहिता घेऊन बसते त्या कोनाड्याकडे वळून थांबत होते — बरोबर म्हटलं ना, असं विचारल्यासारखे.