व्रणावर रुजलेलं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुलाच सांगावंसं वाटतंय. रत्नागिरीला दवाखान्यात आहे. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला, म्हणाल्या, "गर्भ पहिल्या सिझेरियनच्या व्रणात रुजलाय." त्यांनी नीट समजावलं. गर्भ पिशवीत नुसता पडून राहत नाही, आतल्या मऊ अस्तरात स्वतःला रोवून घेतो, आईच्या रक्तापर्यंत पोचतो, आणि तिथेच पुढे बाळाला पोसणारी वार तयार होते. व्रणावर तसं अस्तर नसतं. तिथली वार पिशवीच्या भिंतीतच घुसत जाते. मग पिशवी फाटू शकते, जीवही जाऊ शकतो. मी विचारलं, "ठोके आहेत?" त्या म्हणाल्या, "आहेत."

मला पावसचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू विळीवर तिसऱ्यांचे शिंपले उघडतेयस, मी शेजारी बसलेय. "मी तुझ्या पोटातून पडले कशी नाही गो?" तू हसलीस. "मी कुठे धरलंवतं? तूच घट्ट धरून बसलीवतीस." आणि लगेच दटावलंस, "असलं चारचौघांत विचारू नकोस हां."

हे बोटीवर नोकरीला. फोनवर म्हणाले, "तू ठरव," आणि आवाज तुटला. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ठोके हायत ना? मग देवावर सोड." थोरल्या लेकीला घरी शेजारणीकडे ठेवलेलं. कुणीतरी ओरडावं, जबरदस्ती करावी, असं वाटत होतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संमती तुमचीच लागते, दुसऱ्या कुणाची नाही." ते ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट दार लावून घेतल्यासारखं झालं. त्या जिवानं चुकीच्या जागी, पण जीव तोडून धरलेलं, आणि सोडवायचं मी. "काढा," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

पिशवी वाचली. मीही. सासूबाई रोज डब्यातून पेज आणतात, उशाशी ठेवतात, बाहेर बाकावर जाऊन बसतात. थोरली फोनवर विचारते, "बाळ कधी आणणार?"

आज घरी सोडणार होते. मी सांगितलं, उठलं की घेरी येते. बाईंनी अजून एक दिवस ठेवून घेतलं.

घेरीबिरी काही येत नाही गो, आई.