विमानाच्या घराचं दार

घनसावंगीजवळून, दसऱ्यानंतरचा सोमवार, १९७८

तीर्थस्वरूप रामकिसन दाजींच्या पायांवर धाकटा मेहुणा रखमाजी याचं डोकं. इकडे सगळे खुशाल आहेत, तुमच्या सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या दादांचा, गुडघा सोडून; तो थंडीची वाट न बघताच दुखायला लागला आहे. तुमची आणि तुळजाक्काची तब्येत कळवावी. (तुमचा राग कसा आहे तेही कळवावं. इथून निघाला तेव्हा चांगलाच धडधाकट होता.)

गेल्या साली धोंड्याच्या महिन्यात लोकांचे जावई अंगठी मागत होते, घड्याळ मागत होते. तुम्ही अनारसा हातात धरून विमानासाठी काँक्रीटची इमारत मागितलीत. कपाशीवर औषध फवारणारं ते विमान गायरानात पत्र्याच्या छपराखाली उभं होतं, आणि नाशिकच्या काँक्रीट कारखान्यातल्या फोरमनला ते बघवलं नाही. भिंती कारखान्यातच ओतून ट्रकने आणायच्या, क्रेनने उभ्या करून जोडायच्या, मधे खांब नाही म्हणून पंख अडत नाहीत, वाळवी नाही, शेजारी पेट्रोल असलं तरी छप्पर पेटायची धास्ती नाही, असं तुम्ही भर पंगतीत समजावलंत. त्यावर दादा म्हणाले, "विमानाला पक्कं घर अन् आमी कुडात? लई भारी जावई गावला!" पंगत हसली आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. इमारत उभी राहीपर्यंत तुम्ही येणार नाही आणि अक्कालाही पाठवणार नाही, असं बजावून गेलात.

तुमचं म्हणणं वाऱ्याने लगेच खरं केलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी वावटळ सुटली आणि पत्रे उडून संपतच्या विहिरीत जाऊन पडले. विमान आम्ही बैलांच्या दाव्यांनी लिंबाला बांधलं. दुसऱ्या दिवशी बायकांनी बैलांबरोबर त्यालाही ओवाळलं. (पुरणपोळी पंख्याजवळ नेली तेव्हा मात्र पायलटसाहेब मधे पडले.) पण त्या दिवाळीत मला ओवाळायला कुणी नव्हतं. शेजारच्या नंदाबाईने ओवाळलं खरं, तरी मला रडू आलं. दादा त्या दिवशी जेवले नाहीत, पोट बिघडलंय म्हणाले.

मग फवारणीच्या सोसायटीने तुमच्याच पद्धतीची इमारत ठरवली. (तुमच्या कारखान्यातून मागवली नाही, नाहीतर लोक वशिला लावला म्हणाले असते.) दारासाठी विमानाचं माप मात्र दादांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. त्यांनी आयुष्यभर बैलगाड्यांची छपरं बांधली, ती चाकांच्या मापाने. त्यांनी इथेही या चाकापासून त्या चाकापर्यंत दोरी धरली आणि वर हातभर जागा सोडली. इमारत आतून ऐसपैस झाली, दार मात्र गाडीचं. यंदा श्रावणात विमान पुन्हा हंगामाला आलं, नाक आत घालून उभं राहिलं आणि दोन्ही पंख बाहेरच. गाव पोट धरून हसलं, दादा सोडून.

पण दाजी, तुमचं काँक्रीट खरं तिथे पटलं. विटांची भिंत असती तर फोडावी लागली असती. इथे दर्शनी भिंतीचे तुकडे नट सोडून काढले, सरकवून पुन्हा जोडले. चुकलेलं घर न मोडता दुरुस्त होतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं आणि बराच वेळ तिथे उभा राहिलो. तेव्हा इमारत उभी आहे. दिवाळीला अक्काला घेऊन यावं.

आपला,
रखमाजी

ता. क. – दार रुंद होईपर्यंत हंगाम संपला आणि विमान निघून गेलं. ते आत एकदाही गेलं नाही, आणि पुढल्या साली येणारही नाही म्हणतात. सध्या आत गावाचा कापूस आहे, अगदी कोरडा. पण तुमची अट इमारतीची होती, विमानाची नव्हती.

आणखी ता. क. – हे सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे. सोसायटीच्या बैठकीत इमारतीसाठी पहिला हात दादांनी वर केला होता. हल्ली एस.टी. यायच्या वेळेला ते त्या दारात जाऊन बसतात, शेळ्या हाकायला म्हणे. आज म्हणाले, "जावयाला लिही, दार मोठं करून राह्यलो व्हतो, म्हून उशीर झाला. मंग आता या म्हनावं, तुळजीला घिऊन."