मुलाखतींआधी मी उठले

प्रिय अनिमेष,

सकाळपासून हे पत्र लिहायला बसते आणि उठते. खाली सात रस्ता चौकात गाड्यांचा गोंगाट आहे, पण आज त्रास त्याचा नाही.

आमच्या डाळिंब संशोधन केंद्रात तुझा अर्ज आला, तेव्हा निवड समितीत मी होते. तेल्या रोगावर काम करणारा प्रमुख शास्त्रज्ञ हवा होता. इतक्या वर्षांनी तुझं नाव वाचलं आणि तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला. तू बंगळूरला गेलास, मी आईसाठी इथंच राहिले, आणि लग्नाचं बोलणं तिथंच थांबलं. आई गेल्या वर्षी गेली. तुला कळवायचं राहूनच गेलं.

सांगोल्याचा फसलेला प्रयोग तू अर्जात एका ओळीत उरकलास. मला मात्र सगळं आठवलं; तेव्हा आपण दोघं तिथं एकत्र काम करत होतो. आपल्या फवारणीनं रोग आटोक्यात आला, असं वरिष्ठ जाहीर करायला निघाले होते. तू पुन्हा बागेत गेलास, पानं तपासलीस आणि रोग परतलाय हे भर सभेत सांगितलंस. बाग ज्यांची होती ते धुळाप्पा बाहेर येऊन म्हणाले, “सायेब, बाग गेली ती गेली, पर तुमी खोटं न्हाय बोलला. लई झालं की.” तुझी नेमणूक मात्र पुढे वाढवली नाही, आणि तू बंगळूरला गेलास. शास्त्रज्ञ म्हणून तुझी पारख मला तेव्हाच झाली होती.

मुलाखतींच्या आदल्या दिवशी मी समितीच्या अध्यक्षांना सांगितलं, याच्याशी माझं लग्न ठरत होतं, मला यातून मोकळं करा. ते म्हणाले, “मॅडम, जुनी गोष्ट. कुणाला कळतंय?” मी ऐकलं नाही, समितीतून उठले.

काल निकाल लागला. उर्वी नावाच्या मुलीची निवड झाली, तू दुसरा. ती हुशार आहे, तिच्यावर राग धरू नकोस. पण सांगोल्याबद्दल विचारल्यावर तू ‘प्रयोग अयशस्वी झाला’ एवढंच म्हणालास, असं नंतर कळलं. पुढचं सांगू शकणारी मी तेव्हा शेजारच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते.

मी उठून गेले, हे तुला कुणीतरी सांगेलच. तुला वाटेल, हिनं जुना राग काढला. म्हणून त्याआधी लिहितेय. राग नव्हता रे. अर्जांच्या छाननीत तुझ्या नावापुढे ‘योग्य’ लिहायला पेन उचललं, आणि तू केंद्राला हवा आहेस की मला, हेच मला सांगता येईना.

तुझीच,
भार्गवी