सपाट वाचायचं

४ मार्च
पहिल्या चाळणीत टिकलो! ज्या बँडची पोस्टरं चिकटवून मी खोलीच्या भिंतीची वाट लावली, त्याच बँडवर सिनेमा निघतोय. आणि त्यांच्या गायकाच्या भूमिकेसाठी ढीगभर पोरांतून मी शिल्लक आहे. बाबांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "कॉलेज सोडलंस ते घसा बसवून घ्यायला का?" वहिनी शिवणयंत्रामागे तोंड लपवून हसली. हसू दे. रोल माझाच आहे!

५ मार्च
आज गाणं झालं. कॅमेऱ्याशेजारी एक मुलगी बसते, समोरच्या पात्राच्या ओळी वाचून दाखवायला. कानामागे पेन्सिल. मी तिसऱ्यांदा खाकरलो तेव्हा म्हणाली, "थोडं पाणी पी, मग सुरू कर."
एवढंच. झालं माझं कल्याण!

६ मार्च
पेन्सिल.

८ मार्च
वहिनीने दादाच्या जुन्या कोटाचं जाकीट करून दिलं, डिट्टो गायकासारखं. बाह्या आखूड. "हात वर करूनच गा, म्हणजे कळणार नाही," म्हणाली.

११ मार्च
घोळ घातला!
शेवटची फेरी. प्रसंग भांडणाचा — बँडमधली कीबोर्डवाली सोडून चाललीय, गायक तिला अडवतोय. तिच्या ओळी अर्थात पेन्सिलवाली वाचणार. मी जिवाच्या आकांताने ओरडतोय, आणि ती — "तू कधीच ऐकलं नाहीस. मी चालले." वाणसामानाची यादी वाचावी तसं! डोकं सटकलं. म्हटलं, "अहो, असं कुणी सोडून जातं का? भांडा की!"
कास्टिंगवाले सर चष्मा वर सरकवत म्हणाले, "तिला सपाटच वाचायला सांगितलंय. परीक्षा तुझी आहे, तिची नाही."
"मग खुर्चीत खांब उभा करा ना!"
हे मी बोललो. मीच!
तिनं कागद खाली ठेवला. उठली. "खांब?" म्हणाली. आणि सुटली. ओळी त्याच, पण वाटलं, ही मला वर्षानुवर्षं सहन करतेय. शेवटचं "मी चालले" तर इतकं हळू, की मी खरंच दाराकडे पाहिलं. पुढची ओळ माझी होती. आलीच नाही! आ वासून उभा. कॅमेरा चालू — माझ्यावर.
सर म्हणाले, "धन्यवाद." त्या धन्यवादचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल.

१२ मार्च
जेवलो नाही. बाबा दारात येऊन उभे राहिले. "रोज सकाळी गातोस, बरं वाटतं. आज बंद का?" आणि निघून गेले.
बाबा!!

१४ मार्च
फोन आला. सरांचा नाही, तिचा. गायक दुसराच घेतला. पण माझी टेप पाहताना सरांनी म्हणे डोळेच मिटून घेतले — नुसता तिचा आवाज ऐकत बसले. उद्या तिची चाचणी आहे, कीबोर्डवालीच्या भूमिकेसाठी.
"समोर वाचायला कुणीतरी लागेल," म्हणाली. "येशील?"
"सपाट वाचायचं ना?"
"जमतंय का बघ, खांब!"
कानामागे पेन्सिल लावून आरशात पाहिलं. राहते!